घरी २९-७, बाहेर ७-२९ : वॉरियर्सचं बिनसलंय तरी कुठे?

चौथा_क्वार्टर | १९ मार्च २०२३

आज सकाळी एनबीएत (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) आपले गोल्डन स्टेट वॉरियर्स मेम्फिसमध्ये ११९-१३३ ने हरले. परक्या मैदानावरचा ओळीने ११ वा पराभव. ७२ सामने झाले, ३६ जिंकले, ३६ हरले. त्यातही घरी २९-७ आणि बाहेर ७-२९, आरशात बघितल्यासारखे आकडे. आणि हाच संघ गेल्या जूनमध्ये बोस्टनला जाऊन बोस्टनकडून चषक घेऊन आला होता. करी, थॉम्पसन, ग्रीन, लूनी सगळे आहेत. कोचही तोच.

हरतात ते एकवेळ चालेल, हरण्याची पद्धत बघवत नाही. शॉट चुकला की दोघं रेफ्रीकडे हात पसरून उभे, तोवर समोरच्यांचा ले-अप पडलेला असतो. रिंगपासून २८ फुटांवर, जिथे काही धोका नाही, तिथे फाऊल. नजर एकीकडे आणि पास प्रेक्षकांत. परवा क्लिपर्सविरुद्ध करीने ५० केले, तरी १२६-१३४ ने हरले. एकट्याने किती ओढायचं?

जाणकारांना दोन प्रश्न. हा खरंच आळस आहे की दुसरं काही, हे रिप्ले बघताना ओळखायचं कसं? आणि उरलेल्या १० सामन्यांत यातलं काय सुधारण्यासारखं आहे? "भूकच मेलीय", "पैसा डोक्यात गेलाय" असे प्रतिसाद बाकीच्या धाग्यांवर पोत्याने आहेत. इथे नकोत, कृपया.

---

हाफकोर्ट | १९ मार्च

आपण "आळस" हा एकच शब्द तीन वेगळ्या दुखण्यांना लावतो: पळत नाहीत, बघत नाहीत, जमत नाही. टीव्हीवर तिन्ही सारखीच दिसतात, कारण तिन्हींचा शेवट समोरच्याच्या मोकळ्या बास्केटमध्ये होतो. त्यांची वेगवेगळी मोजदाद करायची असेल तर आधी चेंडूवरची नजर काढा.

वॉरियर्सचा शॉट हातातून सुटला की रिप्ले तिथेच थांबवा. पाच जण कुठे उभे आहेत ते बघून घ्या. मग हळूहळू पुढे न्या आणि प्रत्येकाची पहिली तीन पावलं कुठे पडतात तेवढंच बघा. लांबचा शॉट हवेत सेकंदभर तरी असतो. चांगला संघ त्या सेकंदात निघालेला असतो. वाईट संघ शॉट पडतोय का ते बघत थांबतो.

मैदान ९४ फूट लांब आहे. पलीकडच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्याला आपल्या पेंटमध्ये (रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात) यायला ७५-८० फूट कापावे लागतात. त्याला साधारण चार सेकंद लागतात, आणि रिबाउंडवरून (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडून) निघालेला लांब पास त्याच्या आधी पोचतो. सुरुवातीचा एक सेकंद उभ्याने घालवला की पुढे कितीही जीव तोडून पळा, हिशेब जुळत नाही. म्हणून "पळत तर होता की" ही सबब ऐकून घेऊ नका. पळायला कधी लागला, ते बघा.

मागे आल्यावरची कामं ठरलेली असतात. पहिला येईल तो थेट रिंगखाली, चेंडू कुणाकडे आहे याची त्याला फिकीर नको. दुसरा चेंडूवाल्याला तीन-पॉइंटच्या रेषेवर अडवतो, निदान त्याला बाजूला वळायला लावतो. तिसरा आणि चौथा आतून बाहेर शूटर शोधतात आणि बोटाने दाखवत ओरडतात, "तो माझा". पाचवा, बहुधा लूनी, मागून येताना उशिरा पेंटमध्ये घुसणाऱ्याला धरतो. इथे कोण कुणाचा माणूस हा प्रश्नच नसतो. जवळचा माणूस तुमचा. गडबड होते ती बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये: दोघंही चेंडूवर धावतात आणि कोपऱ्यातला शूटर एकटा राहतो. कोपऱ्यातून तीन-पॉइंटची रेषा २२ फुटांवर आहे, समोरून २३ फूट ९ इंच. म्हणजे मोकळं सोडलं तेही सर्वात सोप्या जागी.

यात दोन गोष्टी लोक विसरतात.

पहिली, नियम बदललाय. गेल्या हंगामापर्यंत फास्ट ब्रेक (झटपट प्रतिहल्ला) सुटला की हुशार खेळाडू अर्ध्या मैदानात समोरच्याला हलकेच धरायचा. साधा फाऊल, बाजूने चेंडू आत, तोवर सगळे मागे. या हंगामापासून अशा फाऊलला एक फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांनाच. उशिरा निघालेल्यांना वाचवणारी ती युक्ती गेली. नियम सगळ्यांनाच लागू आहे, पण जो संघ चेंडू जास्त घालवतो त्याला जास्त बोचतो.

दुसरी, चेंडू कसा गेला हे महत्त्वाचं. पास प्रेक्षकांत गेला तर दिसायला हास्यास्पद, पण शिट्टी वाजते, खेळ थांबतो, पाच जण मागे येऊन उभे राहतात. तोच पास मधल्यामध्ये कुणी उचलला तर तुमचे तिघं-चौघं अजून पुढे तोंड करून उभे असतात. वॉरियर्स सामन्याला १६ च्या वर टर्नओव्हर करतायत (म्हणजे चेंडू घालवतायत), लीगमधल्या सगळ्यात वाईट संघांत मोडतात. त्यातले किती जिवंत चेंडूवरचे, ते वेगळे मोजा. बचाव म्हणून दिसणारा अर्धा आजार मुळात आक्रमणात आहे.

---

झोन_नको | १९ मार्च

घरात वाघ, बाहेर शेळी. एवढ्यासाठी एवढं लिहायची गरज होती का? :)

---

बेंचवरचा | १९ मार्च

हाफकोर्ट यांचं ट्रान्झिशनचं, म्हणजे चेंडू गेल्यावर मागे येण्याचं, सगळं मान्य. पण मी "जमत नाही" या खात्यात जास्त टाकेन.

गेल्या वर्षी बेंचवर कोण होतं ते आठवा. गॅरी पेटन (धाकटा) पोर्टलंडला गेला, ऑटो पोर्टर टोरांटोला, ब्येलित्सा युरोपात परत. डेमियन ली, टोस्कानो-अँडरसन हेही गेले. सहाय्यक कोच माईक ब्राऊन सॅक्रामेंटोचा मुख्य कोच झाला. यातला कुणी स्टार नाही, पण सगळ्यांना एक गोष्ट यायची: चेंडू आपल्याजवळ नसताना कुठे उभं राहायचं. त्यांच्या जागी आले तरुण कुमिंगा आणि मूडी, आणि टू-वे करारावर (मुख्य संघ आणि खालची लीग अशी ये-जा) हंगाम सुरू केलेले टाय जेरोम आणि अँथनी लँब. पेटन फेब्रुवारीत परत आणला, पण दुखापत घेऊन आलाय, अजून एक मिनिटही खेळलेला नाही. विगिन्स फेब्रुवारीच्या मध्यापासून घरगुती कारणाने नाही. समोरच्या मुख्य माणसाला रोज रात्री तोच धरायचा. तो नसला की प्रत्येक जण एक पायरी वर ढकलला जातो.

एक पझेशन (एका संघाकडे चेंडू असतानाचा डाव) जवळून बघा, म्हणजे म्हणतोय ते कळेल. समोरच्यांचा गार्ड (चेंडू खेळवणारा) मध्यभागी चेंडू घेऊन, त्यांचा सेंटर (आतला उंच खेळाडू) येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे आपल्या माणसाच्या वाटेत आडवा उभा राहतो. आपला गार्ड स्क्रीनवर अडकतो, लूनी मागे सरकून चेंडू अडवतो. आता स्क्रीन लावणारा रिंगकडे सुटलाय आणि त्याला धरायला कुणी नाही. हे काम पलीकडच्या कोपऱ्यातल्या शूटरवर असलेल्या बचावपटूचं. त्याला लो-मॅन म्हणतात. त्याने आधीपासून एक पाय पेंटमध्ये ठेवून, एक नजर चेंडूवर आणि एक आपल्या माणसावर अशी तिरकी जागा घ्यायची असते. फार वेळ तिथे उभं राहताही येत नाही, बचावाचा तीन सेकंदांचा नियम आहे. म्हणजे पाय आत, बाहेर, परत आत. सुटलेल्या सेंटरला छातीने एक धक्का द्यायचा, त्याची चाल मोडायची, आणि पास कोपऱ्यात गेला की परत धावायचं. किंवा त्याच्या वरच्या बाजूचा सोबती कोपऱ्यात उतरतो आणि हा वर जातो, म्हणजे दोघं माणसं बदलतात.

यात बिघडण्यासारख्या जागा चार आहेत आणि पोरं चारही ठिकाणी चुकतात. लो-मॅन चेंडू बघत बसतो आणि त्याचा माणूस पाठीमागून रिंगकडे कापतो. किंवा आत येतो पण अर्धा सेकंद उशिरा, मग धक्क्याऐवजी हात मारतो आणि फाऊल. किंवा वेळेवर येतो, पण वरचा सोबती खाली उतरतच नाही, कारण कुणी ओरडलं नाही. आणि शेवटी कोपऱ्याकडे धावताना वेगातच उडी मारतो. क्लोजआऊटला शेवटची दोन-तीन पावलं आखूड घ्यायची, कंबर खाली, एक हात वर. उडी मारली की शूटर चेंडू खाली घेऊन बाजूने निघून जातो आणि आता आत चौघांविरुद्ध पाच.

टीव्हीवर हे कसं दिसतं? कोपऱ्यातल्या खेळाडूने मोकळा शॉट मारला आणि मूडी हात खाली सोडून उभा. आपण म्हणतो, बघा, हललाच नाही. बरेचदा तो बिचारा बरोबर होता, वरून उतरायचं ते दुसराच विसरला. पडद्यावर सापडतो शेवटचा माणूस, चुकलेला माणूस फ्रेमच्या बाहेर असतो.

फाऊलचंही तेच. क्वार्टरमधला पाचवा फाऊल झाला की तिथून पुढे साध्या फाऊललाही दोन फ्री थ्रो. पहिल्या चार मिनिटांत उशिरा पोचून तीन फाऊल केले की उरलेल्या आठ मिनिटांत बचावाला हात लावायची सोय राहत नाही.

---

चौथा_क्वार्टर | १९ मार्च

लो-मॅनचं समजलं, धन्यवाद. आज तिसऱ्या क्वार्टरवर वापरून बघितलं, दोन ठिकाणी मी भलत्याच माणसाला शिव्या घातल्या होत्या.

पण मग घरी २९-७ कसे? तीच पोरं, तोच लो-मॅन, तोच न आलेला विगिन्स. जमतच नसेल तर सॅन फ्रान्सिस्कोतही जमायला नको.

---

बेंचवरचा | २० मार्च

हा प्रश्न नेमका लागला. उत्तर अर्धंच आहे माझ्याकडे. तरुण बेंच घरी बरी खेळते, हे जवळपास सगळ्या संघांत दिसतं. पण एवढी दरी नुसत्या बेंचने पडत नाही, कबूल.

---

सकाळी_साडेसात | २० मार्च

घर-बाहेर या विषयात नेहमीची कारणं देताना लोक गल्लत करतात, म्हणून थोडं.

"गोंगाटात एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून बाहेर बचाव ढासळतो." उलट आहे. प्रेक्षक ओरडतात ते घरचा संघ बचाव करत असताना. पाहुणे बचाव करतात तेव्हा मैदान त्या मानाने शांत असतं, कारण घरच्यांच्या हातात चेंडू असतो. म्हणजे बाहेर गेल्यावर बचावात बोलायला जागा जास्त मिळते. तिथे हे गप्प असतील तर दोष प्रेक्षकांचा नाही. गोंगाटाचा त्रास आक्रमणात होतो: खुणेचा शब्द ऐकू जात नाही, कापणारा एकीकडे आणि पास दुसरीकडे. वॉरियर्सचा खेळ ठरलेल्या चालींपेक्षा एकमेकांना वाचण्यावर जास्त चालतो. करी आणि ग्रीन डोळ्याने बोलतात, नव्या माणसाला ते वाचता येत नाही. त्यामुळे गोंगाट यांना इतरांपेक्षा जास्त लागतो आणि चेंडू जातो. पुढचं हाफकोर्ट यांनी लिहिलंच आहे.

प्रवासाचा भाग खरा आहे, पण तोही नेमका सांगा. सध्याचा दौरा बघा: १५ ला लॉस एंजेलिस, १७ ला अटलांटा, १८ ला मेम्फिस, २० ला हाऊस्टन, २२ ला डॅलस. आठ दिवसांत पाच सामने, त्यात अटलांटा-मेम्फिस लागोपाठच्या रात्री, आणि पॅसिफिकच्या घड्याळातून थेट पूर्वेच्या घड्याळात. अशा दौऱ्यात सराव असा होतच नाही. सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये चिकटपट्टीने रेषा मारून चालत-चालत उजळणी आणि व्हिडिओ. ज्यांच्या अंगात पद्धत मुरलीय त्यांना तेवढं पुरतं. कुमिंगाला पुरत नाही.

पण हीच वाट ३० संघांना आहे. ७-२९ चं सगळं बिल विमानाच्या नावावर फाडता येणार नाही. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातलं होईल ते.

---

आकडेमोड | २० मार्च

मेहनत मोजायला लीगच्या संकेतस्थळावर "हसल"चे आकडे असतात, फुकट बघता येतात. पण वाचताना जपून.

डिफ्लेक्शन, म्हणजे समोरच्याच्या पासला किंवा ड्रिबलला हात लागणं. सगळ्यात कामाचा आकडा. हात वर असल्याशिवाय आणि नजर जागी असल्याशिवाय तो वाढत नाही. मिनिटांच्या हिशेबात बघा, नुसती बेरीज बघू नका.

सुटे चेंडू मिळवणे आणि चार्ज घेणे (घुसणाऱ्याच्या वाटेत उभं राहून धक्का अंगावर घेणे): खरे आकडे, पण सामन्याला इतके थोडे की दोन-चार सामन्यांवरून निष्कर्ष काढू नये.

कंटेस्ट केलेले (हात वर करून अडवायला गेलेले) शॉट्स: फसवा आकडा. ज्याच्या डोक्यावरून लोक सतत शॉट मारतात त्याचा हा आकडा आपोआप फुगतो. शिवाय हात वर असणं आणि हात वेळेवर वर असणं यातला फरक यात नीट पकडला जात नाही.

सरासरी वेग आणि पळालेलं अंतर: मेहनत मोजायला निरुपयोगी. चुकीच्या जागी उभा असलेला बचावपटू चुका निस्तरायला जास्त पळतो. लूनी कमी पळतो, कारण तो आधीच तिथे असतो.

आणखी एक. समोरचा संघ तीन-पॉइंट किती टक्के मारतो, त्यात नशिबाचा वाटा मोठा आहे. एका रात्री १४ पडतात, दुसऱ्या रात्री तेच शॉट ८ वर थांबतात. त्यामुळे पडले किती ते सोडा, मोकळे मिळाले किती आणि त्यातले कोपऱ्यातले किती, ते मोजा.

हाताने मोजायचं असेल तर एकच क्वार्टर घ्या. प्रत्येक संघाला साधारण २५ पझेशन येतात, पाऊण तासाचं काम. कागदावर तीन रकाने: पळत नाहीत, बघत नाहीत, जमत नाही. समोरच्याच्या प्रत्येक बास्केटला एक रेघ. चांगला शॉट मारून झालेल्या बास्केटला रेघ मारायची नाही. हे विसरलात तर तिन्ही रकाने भरून वाहतील आणि शिकाल काहीच नाही.

---

पिव्होट_पाय | २० मार्च

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. १० सामन्यांत काय सुधारेल?

लो-मॅनचं ज्ञान सुधारणार नाही. ते ऑक्टोबरातलं काम, शेल ड्रिलमध्ये चौघांविरुद्ध चौघं महिनाभर घासून येतं. एप्रिलच्या तोंडावर ते सुरू करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

लगेच सुधारतं ते असं. शॉट गेल्यावर रिबाउंडला किती जणांनी जायचं, हे आकड्याने ठरवा. लूनी जाईल. दुसरा कुणी जाणार असेल तर तो फक्त कोपऱ्यातला, तेही बेसलाईनवरून. वर उभे असलेले दोघं शॉट सुटताक्षणी मागे, चर्चा नाही. आत्ता तीन-तीन जण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतात. हा नियम एका व्हिडिओत समजतो, यासाठी सराव लागत नाही.

रेफ्रीशी वाद फक्त खेळ थांबल्यावर. ग्रीनचे १६ टेक्निकल (गैरवर्तनाचे फाऊल) झाले आणि अटलांटाला त्याला बसावं लागलं, ते वेगळंच. पण रोजचं नुकसान याहून मोठं आहे. हात पसरून घालवलेल्या प्रत्येक दोन सेकंदांत चौघांविरुद्ध पाच.

खेळाडू बदलण्याची पद्धत. चेंडू गमावल्यावर चालत मागे आला की पुढच्या शिट्टीला बाहेर, दोन मिनिटं, मग परत आत. शिक्षा म्हणून दहा मिनिटं बसवलं तर पोरगं चिडतं आणि संघाचंही नुकसान. पण नियम जॉर्डन पूलला लागू आणि थॉम्पसनला नाही, असं झालं तर दोन दिवसांत फुसका होतो. खरी अडचण इथेच आहे. चार अंगठ्यांच्या (म्हणजे चार विजेतेपदांच्या) माणसाला मार्चमध्ये बाहेर कोण बोलावणार?

आणि ग्रीन बेंचवर असताना बोलणारा कोण, हे नाव घेऊन ठरवा. सगळ्यांनी बोलायचं म्हटलं की कुणीच बोलत नाही. पाठीमागून सगळं मैदान ज्याला दिसतं तो बोलतो, म्हणजे सेंटर. लूनीचा आवाज चढत नसेल तर डिव्हिन्सेंझो.

---

झोन_नको | २१ मार्च

हाऊस्टनला जिंकले! १२१-१०८. बाहेरची साडेसाती संपली. धागा बंद करा.

---

हाफकोर्ट | २१ मार्च

हंगामातला बाहेरचा पहिला विजयसुद्धा हाऊस्टनलाच होता, २० नोव्हेंबरला, ओळीने आठ हरल्यावर. त्या विजयानंतर काय झालं ते वर शीर्षकात लिहिलंय. लीगच्या तळातल्या संघावर निदान ठरवू नका.

---

चौथा_क्वार्टर | १४ मे २०२३

धागा वर काढतोय. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरची बाद फेरी) लेकर्सकडून २-४ ने हरले, हंगाम संपला. लॉस एंजेलिसमधले तिन्ही सामने हरले. प्लेऑफच्या ओळीने २८ मालिकांत बाहेर निदान एक सामना तरी जिंकायचा, तो विक्रम तिथेच संपला. आता मागे वळून बघितलं तर तुमचे रकाने काय म्हणतात?

---

हाफकोर्ट | १४ मे

शेवटी घरी ३३-८, बाहेर ११-३०, एकूण ४४-३८ आणि पश्चिमेत सहावे. बाहेरच्या शेवटच्या चार विजयांपैकी दोन बाजूला ठेवा. हाऊस्टनचं बोललोच, हंगामभरात २२ जिंकलेला संघ. पोर्टलंडवर १५७-१०१, पहिल्याच क्वार्टरमध्ये ५५ गुण, पण पोर्टलंडचे महत्त्वाचे खेळाडू खेळतच नव्हते. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

डॅलसचा विजय मात्र या धाग्यासाठी जपून ठेवावा असा. २२ मार्च, १२७-१२५. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस टाईमआऊटनंतर चेंडू आपलाच आहे असं समजून डॅलसचे पाचही जण पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले. इकडे चेंडू आत आला आणि लूनीने रिकाम्या रिंगमध्ये नेऊन टाकला. दोन गुण, आणि सामना सुटला दोनच गुणांनी. डॅलसने लीगकडे दाद मागितली, ती फेटाळली गेली. रेफ्रीचा हात कुठल्या दिशेला होता यावर लोक आजही भांडतात. पण पाचातल्या एकानेही मागे वळून बघितलं नाही, याला "बघत नाहीत" हाच रकाना. फक्त तो या खेपेला समोरच्यांचा होता.

आता प्लेऑफची पहिली मालिका, सॅक्रामेंटोविरुद्ध. पहिले दोन सामने तिथे हरले, दुसऱ्यात ग्रीनने त्यांचा सेंटर साबोनिस याच्या छातीवर पाय दिला आणि तिसऱ्याला निलंबित. म्हटलं, संपलं. तिसरा त्याच्याशिवाय घरी जिंकले, आणि पाचवा व सातवा सॅक्रामेंटोला जाऊन. गंमत म्हणजे सहावा घरी हरले, ९९-११८. सातव्यात करीचे ५० सगळ्यांना आठवतात. त्याच सामन्यात लूनीचे २१ रिबाउंड होते, पाचव्यात २२. रिबाउंड लूनीवर सोडून बाकीचे मागे, हे पिव्होट_पाय यांनी मार्चमध्ये लिहिलं होतं.

म्हणजे पळणं आणि बघणं हवं तेव्हा येत होतं. ते ८२ सामने रोज रात्री आलं नाही. त्यालाही दोष म्हणायचा की १२ महिने खेळलेल्या जुन्या पायांचा हिशेब, यावर बेंचवरचा आणि माझं जुळणार नाही.

---

बेंचवरचा | १४ मे

नाहीच जुळणार. :) पेटन आणि विगिन्स परत आले आणि बाहेर सामने जिंकले. मी आणखी काय लिहू? लेकर्सशी हरले ते आत उंची नव्हती म्हणून. लेकर्सचा उंच अँथनी डेव्हिस समोर असताना पेंटमध्ये जायला कुणी धजत नव्हतं, त्यात पळण्याचा काय संबंध? हाफकोर्ट, लेकर्सच्या मालिकेत पहिल्या रकान्यात मोजून दाखवा.

---

हाफकोर्ट | १४ मे

चौथा सामना घ्या, १०१-१०४. चौथा क्वार्टर. लेकर्सच्या लॉनी वॉकरने सामन्यातले आपले सगळे १५ गुण त्याच १२ मिनिटांत केले. त्याच्या प्रत्येक बास्केटच्या आधी तीन सेकंद मागे जा, चेंडू सोडून बाकी चौघं बचावपटू बघा आणि रकान्यात रेघ मारा. मी आज रात्री मारतो, तुम्हीही मारा. उद्या दोघांचे कागद इथे टाकू.